भागीरथीच्या दवेची टाकी

मी एक जुनी स्टीलची टाकी आहे, मित्रांनो. सुरतेजवळ कामरेजला वालपापडीच्या शेतांना लागून पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. त्या रांगेतल्या शेवटच्या खोलीमागे, लिंबाच्या सावलीत, विटांच्या चुलाणावर मी बसलेली असते. माझ्या बुडाला काजळी आहे, कडेला एक पोचा आहे आणि पोटात कितीही घासला तरी न जाणारा एक निळा डाग आहे. येणारी-जाणारी माणसे मला पाण्याची टाकी समजतात. मी ते मनावर घेत नाही. मनावर घेण्यासारखी गोष्ट माझ्याकडे वेगळीच आहे आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म सुरतेतल्या उधन्याच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला आणि मला घासूनपुसून इतके लख्ख केले की वेल्डर माझ्यात बघून भांग पाडू लागला. तिथून माझी रवानगी पांडेसऱ्यातल्या साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये झाली. रंग कालवायच्या खोलीला तिथे सगळे कलर किचन म्हणत. नावात किचन होते, पण खाण्यासारखे तिथे काहीच नव्हते. रोज सकाळी माझ्यात खळ ओतत, वर रंगाची भुकटी टाकत आणि पंखा फिरवून घोटत बसत. कधी माझ्या पोटी राणी रंग असे, कधी मोरपंखी. उत्तर भारतातल्या किती लग्नांत माझे रंग नेसून बायका नाचल्या असतील, त्याचा हिशोब मी ठेवला नाही. तिथले रंगमास्तर मला थोपटून म्हणत, "यह टंकी कभी धोका नहीं देती." तेव्हा मी मनातल्या मनात फुगत असे.

पुढे आपोआप रंग कालवणारी मोठी यंत्रे आली. मला उचलून बॉयलरच्या राखेशेजारी टाकले. ज्या हातांनी थोपटले होते, त्याच हातांनी माझ्यात फाटके हातमोजे आणि चहाचे कागदी कप फेकले. कबुतरांनी माझ्या काठावर संसार मांडला. शेवटी भंगारवाल्याने मला टेम्पोत आडवे केले तेव्हा वाटले, आता भट्टी.

पण भट्टीऐवजी माझ्या नशिबी सुपडू आला.

सुपडू मूळचा खानदेशातला, अमळनेराकडचा. तरुणपणी सुरतेला आला आणि लिंबायतला राहून यंत्रमागावर राबला. मागाच्या खडखडाटाने त्याचे कान पार गेले. तुम्ही समोर उभे राहून मोठ्याने बोललात तरच त्याला कळे, आणि पाठीमागून हाक मारली तर तो खुशाल चालत राही. कारखाना बंद पडल्यावर बिऱ्हाड कामरेजला हलले. तिथे तो आणि त्याचा शेजारी लोटू दुसऱ्यांच्या शेतात रोजाने औषध फवारू लागले. पाठीवर पंप आणि तोंडाला रुमाल, एवढीच त्यांची तयारी. एका हंगामात सुपडू फवारताना बांधावरच कोसळला. विष अंगात भिनले होते. डॉक्टरांनी त्याला वाचवले, पण हाताची थरथर गेली नाही. त्यांनी त्याची बायको भागीरथी हिला बाजूला घेऊन सांगितले, "पुन्हा हे विष अंगात गेले तर मला काही करता येणार नाही."

हे वाक्य भागीरथी कधी विसरली नाही. फवारणी सोडा म्हटले तर सुपडूला दुसरे काम कुणी देईना. तेव्हा तिने ठरवले, फवारणी सुटत नसेल तर पंपातले विष तरी सुटले पाहिजे.

त्यांची मुलगी योगिता सुरतेच्या कॉलेजात सूक्ष्मजीवांचे शिक्षण घेत होती. तिने तोड काढली. मातीत एक जिवाणू असतो. तो वाढवायचा आणि पिकावर फवारायचा. अळीने ते पान खाल्ले की तिचे आतडे फाटते, ती खाणे सोडते, काळी पडते आणि फांदीला लटकून मरते. माणसाला, बैलाला, मधमाशीला त्याने काही होत नाही. कंपनीची तयार पुडी महाग मिळते, पण उसाची मळी आणि डाळमिलमधली चुणी आणली तर तेच औषध घरामागे होते. फक्त एक मोठे, न गंजणारे भांडे हवे होते.

म्हणून सुपडूने मला भंगारातून सोडवून आणले. टेम्पोतून उतरवताना त्याची छाती अभिमानाने फुगली होती.

"भागी, हाई टाकी देख! भंगारमा पडेल व्हती."

भागीरथी कमरेवर हात ठेवून उभी होती. "घरमा पाय ठेवाले जागा नही, अन् तुम्ही हत्ती लयनात!"

पण हत्तीला तिनेच राख आणि चिंच लावून घासले. दिवसभर ती माझ्या पोटात वाकून घाशीत होती. निळा डाग तेवढा हटला नाही. त्या दिवसापासून मी तिची झाले.

माझे नवे काम मला रंगापेक्षा आवडले. माझ्यात पाणी, मळी आणि चुणी घालून झाकण लावून उकळत, म्हणजे इतर कुठलाही जंतू शिल्लक राहू नये. मिश्रण कोमट झाले की योगिता सरकारी प्रयोगशाळेतून आणलेली एक छोटी बाटली त्यात रिकामी करी. त्या बाटलीत मूळ जिवाणू असत. मग माशांच्या काचपेटीत असतो तसल्या पंपाने माझ्या पोटात हवेचे बुडबुडे सोडत. थंडीत भागीरथी मला गोधडी गुंडाळी. दोन-तीन दिवसांत मी आतून ऊबदार होई, फेस चढे आणि आंबूस वास सुटे. कॉलेजने मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप योगिताने मिळवला होता. ती काचेवर एक थेंब घेई आणि आईला दाखवी.

"माय, हाऊ देख जिवाणू. अन् त्याना बाजूले बारीक खडा देखास का? आळी त्या खडाघाई मरस. खडा नही तर काहीच नही."

भागीरथीला त्या भिंगातून आपल्याच पापण्या दिसत, पण ती मान हलवी.

पहिल्या हिवाळ्यात औषध धनसुखभाईंच्या पापडीवर मारले. धनसुखभाई म्हणजे शेजारच्या मळ्याचे मालक. त्यांची पापडी उंधियूच्या भाजीसाठी सुरतेच्या बाजारात जाते. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमाराला तिला असा उठाव असतो की शेंगेला एक भोक दिसले तरी व्यापारी नाक मुरडतो. त्या वर्षी शेंगा कोवळ्या आणि अखंड निघाल्या. काळ्या अळ्या फांद्यांना लटकलेल्या बघून धनसुखभाईंनी तोंडात बोट घातले. "भागीरथीबेन, आ तो कमाल छे!" असे म्हणत ते माझ्याकडे आले आणि मलाही थोपटले. सुपडू रुमाल न बांधता फवारत होता आणि घरी येऊन हात न धुता बायकोच्या ताटातली भाकरी मोडत होता. ती रागावे, पण तिच्या जिवात जीव आला होता. आमचे ते दोन हिवाळे फार चांगले गेले.

आता मित्रांनो, भागीरथीची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. ती लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा आईने तिच्या हाती दह्याचा गडू दिला होता. भुसावळकडून येणाऱ्या गाडीत तो तिने मांडीवर धरून आणला. त्यातल्या चमचाभर दह्याने तिने पहिले दूध विरजले, त्यातल्या चमच्याने दुसरे, आणि असे करत ते दही योगिताच्या जन्माआधीपासून आजवर चालत आले. तिच्या घरात विरजण कधी संपले नाही आणि ते तिने कुणाकडे कधी मागितले नाही. जिवंत विरजण फेकणे म्हणजे तिच्या लेखी भरल्या घराला लाथ मारणे होते.

योगिताने तिला पहिल्याच दिवशी बजावले होते, "माय, दर खेपले नवी बाटलीमाईनच लेजो. जुनामाईन नही." पुढे योगिताला इच्छापोरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम लागले. ती तिकडेच खोली घेऊन राहू लागली. सुटी मिळेल त्या रविवारी येई, बाटल्या देऊन जाई. मग सुट्या कमी झाल्या. मायक्रोस्कोप फडक्यात गुंडाळून पेटीत गेला.

आणि भागीरथीने जे केले ते तिच्या आईने केले असते, आजीने केले असते. तिने माझ्यातल्या तयार औषधाचा एक तांब्या बाजूला काढला आणि पुढच्या खेपेला तेच विरजण लावले. फेस आला, वास आला, ऊब आली. तिने बोट बुडवून हुंगले आणि समाधानाने झाकण ठेवले. त्यापुढच्या खेपेला त्यातला तांब्या, आणि त्यापुढे त्यातला. फवारायच्या आधी बरणीत पान आणि अळ्या ठेवून औषध तपासायला योगिताने शिकवले होते. पण दरवेळी अळ्या मरतच होत्या, तेव्हा ती बरणी लोणच्याच्या कामाला लागली. दही लागले की नाही हे बघायला कुणी बरणी मांडते का? योगिताने आणलेल्या बाटल्या वाया घालवायच्या नाहीत म्हणून तिने त्या देव्हाऱ्यामागे ओळीने मांडल्या, त्यांना हळदकुंकू वाहिले आणि अडीअडचणीसाठी जपून ठेवल्या. एका रविवारी योगिताने विचारलेसुद्धा.

"माय, नवी बाटली वापरस ना?"

"जितं इरजन कोनी फेकस का वो? मनी मायनं दही देख, तुना जलमना आगोदरनं शे. जुनं व्हस तसं गोड लागस."

योगिता हसली. तिला वाटले, आई दह्याचेच बोलते आहे. तिला परतीची बस गाठायची होती.

तिसरा हिवाळा आला. पापडी फुलली, शेंगा धरल्या आणि अळी पडली. सुपडूने आमचे औषध मारले. अळ्या मेल्या नाहीत. पुन्हा मारले. एका सकाळी धनसुखभाई मूठभर शेंगा घेऊन अंगणात आले. त्यांनी नखाने एक शेंग फोडली. आत हिरवी अळी मजेत वळवळत होती.

"बेन, दो बार मारा. देखो, जीवती छे."

भागीरथीने माझे झाकण काढले. बोट बुडवले, हुंगले. मी ऊबदार होते, वास रोजचाच होता. तिने छातीठोकपणे सांगितले, "दवा बरोबर लागेल शे, भाई. थंडी जास्त शे म्हनीसन टाइम लागस. थोडा दिन थांबा."

धनसुखभाई भला माणूस. ते थांबले. तिसरी फवारणी झाली आणि शेंगेतली अळी आणखी गुबगुबीत झाली. उत्तरायण तोंडावर आले. मग एके दिवशी धनसुखभाईंनी शेताच्या कडेला विषाचा डबा आणून ठेवला. त्यांनी सुपडूला सांगितले, "तुम मत मारो, सुपडुभाई. मैं दूसरे आदमी को बुलाता हूं."

भागीरथी त्या दिवशी मळी आणायला चलथाणला गेली होती. तिला हे काहीच ठाऊक नव्हते. सुपडूने घरी येऊन पंप उचलला. लोटूने त्याला अडवले, तेव्हा तो म्हणाला, "मनी बायकोनं सांगं व्हतं, आळी मरी. मरनी नही. मंग तिना सबद मीच पुरा करस." पंप पाठीवर घेऊन जाताना मी त्याला पाहिले. थरथरता हात त्याने पट्ट्यात अडकवला होता. रुमाल दोरीवरच वाळत राहिला होता. दोन हिवाळ्यांत त्याची सवय मोडली होती.

संध्याकाळी वारा फिरला. लोटू दुसऱ्या बांधावरून ओरडला, "भाऊ, हवा फिरनी! पलटी जा!" सुपडूला ऐकू आले नाही. त्याचे कान मागावर गेले होते. तो वाऱ्याकडे तोंड करून चालत राहिला आणि फवारा त्याच्याच तोंडावर येत राहिला.

भागीरथी मळीचे डबे घेऊन परत आली तेव्हा लोटू त्याला अंगणात आणत होता. तोंडाला फेस होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. भागीरथी त्याचे कपडे फाडून काढत होती आणि बादल्यांवर बादल्या ओतत होती. "डोया उघडा! आयकतस का? डोया उघडा ना!" ती त्याच्या कानाशी ओरडत होती. सुपडूने एकदा तिच्याकडे पाहिले. जीभ जड झाली होती तरी तो म्हणाला, "भागी... तुनी दवाले नावं नको ठेवू. दवा चांगली शे."

रिक्षाने त्याला सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथून भागीरथी एकटी परत आली.

दहावा झाला. योगिता घरीच होती. एका दुपारी लोटू रिकामा डबा घेऊन आला. खालच्या अंगाच्या एका मळेवाल्याला औषध हवे होते आणि लोटूच ते फवारणार होता. भागीरथी भिंतीला टेकून बसली होती. तिने नुसते माझ्याकडे बोट दाखवले. नवरा गेल्यानंतरही तिने माझ्यातले विरजण मरू दिले नव्हते.

"थांबा लोटूकाका," योगिता म्हणाली. तिने पेटीतून मायक्रोस्कोप काढला. माझ्यातला एक थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. मग ओढणीने भिंग पुसले आणि पुन्हा डोळा लावला. दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला.

"माय, मनी बाटली तू शेवटली कधी टाकेल व्हती?"

भागीरथीने देव्हाऱ्याकडे पाहिले. योगिता आत गेली. देवांमागे बाटल्यांची ओळ होती. बाटल्यांची झाकणे उघडलेली नव्हती आणि प्रत्येकीवर हळदकुंकवाचे बोट होते.

मित्रांनो, त्या मुलीला मी दारात उभे राहिलेले पाहिले. ती काही बोलली नसती तर चालले असते. सगळे ठीक आहे म्हणाली असती तर तिच्या आईला कधीच काही कळले नसते. भिंगातून आईला पापण्याच दिसत होत्या. पण लोटू डबा घेऊन उभा होता, आणि लोटूलाही घरी बायको होती.

"काका, हाई दवा नका लेऊ," योगिता म्हणाली. मग ती आईसमोर खाली बसली आणि तिचे दोन्ही हात धरून तिने सांगून टाकले. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे करत गेले की हे जिवाणू नुसते वाढायला शिकतात आणि खडा करायचे विसरतात.

"जितं नव्हतं का ते?" भागीरथीने विचारले.

"जितं व्हतं, माय. पन त्याले दात नव्हतात."

भागीरथीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हनजे त्यास्ना जीव मी लिधा."

"तू नही, माय. मी येवाले पाहिजे व्हतं. मी देखाले पाहिजे व्हतं." योगिता रडत होती. भागीरथी रडली नाही. ती उठली आणि तिने मला एकटीने आडवे केले. कसे केले कोण जाणे, सुपडूला त्यासाठी लोटूची मदत लागत असे. माझ्या पोटातले ते ऊबदार, आंबूस, निकामी पाणी गटारात वाहून गेले. मग ती घरात गेली आणि दह्याचे भांडे घेऊन आली. योगिताने तिचे मनगट धरले, "माय, दहीनी काय चूक?" तिने हात सोडवून घेतला आणि आईकडचे ते दहीही गटारात ओतले.

त्यानंतर मी लिंबाखाली उपडी पडून राहिले. माझ्या बुडावर कोंबड्या बसत. भागीरथी माझ्याकडे बघत नसे. मिलच्या राखेत पडले होते तेव्हाही मला एवढे एकटे वाटले नव्हते. शेतांवरून पुन्हा विषाचा वास येऊ लागला होता आणि लोटू पुन्हा तोंडाला रुमाल बांधून जाऊ लागला होता.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर लोटूची बायको सरलाबाई आली. ती अंगणात उभीच राहिली. "वहिनी, आज त्यास्ना हात थरथरना अन् चहाना कप पडना," ती म्हणाली. एवढे सांगून ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी भागीरथीने कोंबड्या हुसकल्या आणि मला उभे केले. राख आणि चिंच घेऊन ती माझ्या पोटात वाकली. योगिता रजा टाकून नवी बाटली घेऊन आली, कारण देव्हाऱ्यामागच्या आता जुन्या झाल्या होत्या. ती बाटली भागीरथीने स्वतः उघडली आणि शेवटच्या थेंबापर्यंत माझ्यात ओतली. औषध तयार झाले तेव्हा बोट बुडवून तिने हुंगले नाही. तिने सुपडूचा चहाचा काचेचा पेला आणला. त्यात औषधात भिजवलेले पापडीचे पान ठेवले, शेतातून वेचलेल्या अळ्या सोडल्या आणि वर फडके बांधले. मग ती पेल्यासमोर बसली. योगिताने जेवायला बोलावले, ती उठली नाही. आधी अळ्यांनी खाणे सोडले. मग त्या सुस्तावल्या. दुसऱ्या दिवशी पेल्यातली सर्वांत मोठी अळी काळी पडून पानाला लोंबू लागली.

भागीरथीने पेला दोन्ही हातांत घेतला. "आतं मरनी तू," ती त्या अळीला म्हणाली. "आतं!" आणि सुपडू गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. इतक्या मोठ्याने की लोटू आणि सरलाबाई धावत आले.

अजून मी कामावर आहे. प्रत्येक खेपेला मला रिकामी करतात, उकळतात, नवी बाटली घालतात, आणि पेल्यातली अळी काळी पडल्याशिवाय डबा अंगणाबाहेर जात नाही. भागीरथीच्या घरात दही मात्र पुन्हा लागले नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. एखादी गोष्ट जिवापाड जपत असाल तर ती तपासूनही पाहत जा. गोधडी गुंडाळली आणि हळदकुंकू वाहिले म्हणजे ती आपले काम करतेच असे नाही. आणि कधी शेताच्या वाटेने जाताना पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला तर वारा कुठून वाहतो आहे ते त्याला सांगा. लांबून ओरडू नका. त्याच्या समोर जाऊन सांगा, कारण त्याने कुठल्या मागावर कान घालवले आहेत हे तुम्हाला ठाऊक नसते.